गादी गेली, पण कोणापायी?

(भिवंडी येथे शेतकरी, विणकर व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे पुष्कळांचे मत आहे. सभेत बायाबापड्या बसतात, लेकीसुना बसतात, त्यांच्यापुढे असल्या गोष्टी कशाला, असे म्हणणारे आहेत. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, ज्या गोष्टीचा बाजार दिवसाढवळ्या भरतो, तिच्याविषयी बोलताना मात्र दार लावून घ्यावयाचे, हा कोठला न्याय? आपल्या या भिवंडीत हनुमान टेकडी कोठे आहे, हे सांगावयास कोणाला वाट पुसावी लागत नाही. तेथे बसलेल्या बाया आभाळातून पडलेल्या नाहीत. त्या कोणा तरी शेतकऱ्याच्या, कोणा तरी मजुराच्या, कोणा तरी विणकराच्या लेकी आहेत. म्हणजे तुमच्याआमच्याच आहेत. म्हणूनच हा विषय आमचा आहे, आणि तो मायबहिणींसमोरच बोलला पाहिजे.

सध्या वर्तमानपत्रे विलायतेच्या आणि अमेरिकेच्या एका प्रकरणाने भरलेली असतात. जेफ्री एपस्टीन नावाचा अमेरिकेतील एक गडगंज श्रीमंत मनुष्य होता. गरिबांच्या अल्पवयीन मुली पैशाची, शिक्षणाची, कामाची लालूच दाखवून आणावयाच्या आणि त्यांची अब्रू घ्यावयाची, असा त्याचा उद्योग. २००८ साली तो पहिल्यांदा दोषी ठरला, तेव्हा त्याला जेमतेम तेरा महिन्यांची कैद भोगावी लागली. आणि तीही अशी की, दिवसा कचेरीत जावे आणि रात्री तुरुंगात निजावयास यावे! २०१९ साली तो पुन्हा पकडला गेला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच तुरुंगात मेला. त्याची साथीदारीण गिलेन मॅक्सवेल हिला २०२२ साली वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बैठकीतल्या बड्या लोकांची नावे जसजशी बाहेर आली, तसतसे सिंहासनाचे पाय हलू लागले. इंग्लंडच्या राजाचा सख्खा भाऊ अँड्र्यू याने आरोप नाकारले. तरीही २०२५ च्या ऑक्टोबरात त्याची राजपुत्र ही पदवी काढून घेण्यात आली. इंग्लंडच्या अमेरिकेतील वकिलाला त्याच वर्षी सप्टेंबरात घरी बसावे लागले.

हे वाचून आपल्याकडचे शहाणे लोक म्हणतात, ‘पाहा गोऱ्यांची नीती!’ मंडळी, दुसऱ्याच्या घरची घाण दाखवून आपले अंगण स्वच्छ होत नसते. शंभर वर्षांपूर्वी हाच खेळ आपल्या मुंबईत झाला आणि त्यापायी एका मोठ्या मराठी संस्थानिकाची गादी गेली. ती हकीकत आज मुद्दाम सांगावयाची आहे. कारण तिच्यात आपल्या समाजाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९२५ सालच्या जानेवारीची बारावी तारीख. संध्याकाळची वेळ. मलबार टेकडीवर मुंबईचा एक तरुण धनिक व्यापारी अब्दुल कादर बावला मोटारीतून चालला होता. त्याच्याबरोबर मुमताज बेगम नावाची बाई होती. दुसरी मोटार मागून आली, आडवी घातली गेली, आणि तीतून माणसे उतरली. बावलाला गोळ्या घालून ठार केले. बाईला ओढून काढू लागले, तिच्या तोंडावर सुरीचे वार केले. इतक्यात गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अंमलदार तेथे आले. त्यांच्यातील एक स्वतः गोळी खाऊन जखमी झाला, पण त्यांनी बाईला सोडविले आणि हल्लेखोरांपैकी काहींना जागीच धरले. ही चार माणसे त्या वाटेने त्या वेळी आली नसती, तर मुमताज बेगम पुन्हा कधी कोणाच्या दृष्टीस पडली असती की नाही, कोण जाणे.

ही बाई कोण? इंदूरच्या होळकर दरबारी नाचगाणे करणाऱ्या घराण्यातली मुलगी. लहान वयातच ती महाराज तुकोजीराव होळकर यांच्या पदरी गेली आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिली. राहिली म्हणजे मनाने राहिली असे नव्हे. आपल्यावर पहारा होता, जावयाची मोकळीक नव्हती, आपल्याला झालेली मुलगी तेथे मारली गेली, असे तिने मुंबईच्या कोर्टापुढे सांगितले. ती निसटली, अमृतसरला गेली, पुढे मुंबईस आली. पण दरबाराची माणसे तिचा माग सोडीनात. जी बाई ‘मला परत जायचे नाही’ म्हणते, तिला मोटारीत कोंबून परत न्यावयाचे, हाच त्या संध्याकाळचा बेत होता.

मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला चालला. आरोपींत इंदूर संस्थानच्या चाकरीतली माणसे होती. सरदार आनंदराव फणसे यांच्यासारखा बडा अंमलदारही होता आणि त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर जीना यांनी घेतले होते. तिघांना फाशीची आणि फणसे धरून इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. मात्र ‘हे सर्व कोणाच्या सांगण्यावरून?’ हा प्रश्न कोर्टाच्या पायरीशीच थांबला. इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या. चौकशी कमिशनपुढे या, नाही तर गादी सोडा. १९२६ च्या फेब्रुवारीत तुकोजीरावांनी दुसरी वाट पत्करली आणि अल्पवयी चिरंजीव यशवंतराव गादीवर आले. महाराजांवर खटला झाला नाही, कोणत्याही कोर्टाने त्यांना दोषी ठरविले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे ते विलायतेत राहिले, १९२८ साली अमेरिकन मुलीशी त्यांनी लग्न केले आणि १९७८ साली पॅरिसला वारले.

आता या हकीकतीचे धागे नीट उलगडून पाहू.

पहिला धागा असा की, हुकमाची शिक्षा हुकूम उचलणाऱ्याला झाली. जे फाशीच्या दोराखाली उभे राहिले, ते पगारी चाकर होते. पोटासाठी मालकाच्या शब्दाला मान देणारे, ‘सरकार म्हणतील ते’ म्हणणारे. धनी सुटतो आणि चाकर लटकतो, ही रीत त्या खटल्यापुरती नाही. आजही कोणा पुढाऱ्यासाठी, कोणा मालकासाठी मोटार चालविणारा, मुलगी पोचविणारा, दाराशी पहारा देणारा हा बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच वस्तीतला गरीब पोर असतो. त्याला आम्ही सांगतो, बाबा रे, मालकाचे मीठ खाल्लेस म्हणून त्याचे पाप खाण्याची गरज नाही. कोर्टात उभे राहावे लागेल तेव्हा तू एकटाच असशील.

दुसरा धागा गादीचा. गादी बाईपायी गेली, असे त्या वेळी जो तो म्हणाला आणि आजही म्हणतात. हे खरे नव्हे. मुमताज दहा वर्षे कोंडलेली होती, तेव्हा इंदुरातला इंग्रज रेसिडेंट काय करीत होता? एकही पान हलले नाही. गादी गेली ती मलबार टेकडीवर, इंग्रजांच्या नाकाखाली, गोऱ्या अंमलदारांच्या अंगावर गोळी चालली म्हणून. आणि न्यायाचा आव आणणारे हे सरकार कोण? १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा करून ज्याने बायांची नावे वहीत चढविली, त्यांच्या अंगाची सक्तीने तपासणी केली, छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांना रोग लागू नये म्हणून त्यांना ढोरांसारखे मोजले, तेच हे सरकार! बड्यांचे आसन केव्हा डळमळते? पाप घडते तेव्हा नव्हे. ते चव्हाट्यावर येऊन दुसऱ्या बड्याला अडचणीचे होते तेव्हा. विलायतेत आज तेच चालले आहे. मुली वर्षानुवर्षे ओरडत होत्या. पदव्या गेल्या त्या कागद बाहेर आल्यावर.

हे पटत नसेल, तर त्याच मुंबईतली दुसरी गोष्ट ऐका. मुमताजच्या आठ वर्षे आधी, १९१७ साली, डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाची एक बाई होती. ना दरबार, ना मोटार, ना तिच्यासाठी गोळी खाणारा कोणी व्यापारी. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला. तिला धरून आणले आणि हाल हाल करून जिवे मारले. मारणाऱ्यांवर खटला चालला, शिक्षा झाली, वर्तमानपत्रांत चार दिवस बोभाटा झाला. तिच्यापायी कोणाची गादी गेली? कोणाचीही नाही. त्या कुंटणखान्याला भाड्याने घर देणारा कोण, त्याचे हप्ते खाणारे कोण, हे कोणी विचारले नाही. १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला, त्यामागे अक्कूताईचे रक्त होते. पण तिचे नाव आज मुंबईतल्या शंभरांपैकी एकालाही ठाऊक नसेल. मुमताजचे नाव राहिले ते राजामुळे. दोघींचा गुन्हा एकच होता, ‘मला येथे राहायचे नाही’ असे म्हणण्याचा.

तिसरा धागा सर्वांत नाजूक, आणि तोच आपल्याशी सर्वांत जवळचा. तुकोजीराव होळकर हे मल्हाररावांच्या आणि अहिल्याबाईंच्या गादीवरचे, धनगर घराण्यातले राजे. राजर्षी शाहू महाराजांच्या मनात असलेली मराठा-धनगर सोयरीक इंदूर आणि कागल या घराण्यांनी १९२४ साली प्रत्यक्ष करून दाखविली होती. बहुजन समाजाला अशा राजाचा अभिमान वाटावा, हे साहजिक होते. मग प्रश्न असा की, आपला माणूस अशा प्रकरणात सापडला म्हणजे आपण काय करावे? ‘आमच्या जातीचा म्हणून त्याच्यावर तुटून पडता’ असे ओरडावे? की त्या बाईलाच ‘नाचणारी, तिची अब्रू ती काय’ म्हणून मोकळे व्हावे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. भटजीचे पाप ते पाप आणि पाटलाचे पाप ती चूक, असा हिशेब आपण करू लागलो, तर ज्योतीबांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्यासाठी जे सोसले ते सारे पाण्यात गेले. ज्योतीबांनी १८६३ साली पुण्यात फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बाळंतपणाचे घर काढले. त्यांनी त्या बाईची जात पाहिली नाही, ती अडचणीत आहे एवढेच पाहिले. शिवराम जानबा कांबळ्यांनी आपल्याच समाजातल्या मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध उघड मोहीम काढली. आपल्या देवाचे नाव आहे, आपली रूढी आहे, म्हणून ते गप्प बसले नाहीत. शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात जोगतिणी-मुरळीच्या चालीविरुद्ध कायदा केला. आपली चळवळ ज्यांनी उभी केली त्यांनी पहिली झाडणी आपल्या घरात केली. जातीचा अभिमान हा जातीतल्या लेकीचे रक्षण करण्यासाठी आहे, जातीतल्या गुंडाला पांघरूण घालण्यासाठी नव्हे.

आणि राजे गेले म्हणून हा प्रश्न गेला, असे समजू नका. १९९४ साली आपल्याच महाराष्ट्रात जळगावचे प्रकरण उघडकीस आले. शाळा-कॉलेजातल्या मुली फसवून न्यावयाच्या, त्यांची चित्रे घ्यावयाची, आणि ती चित्रे दाखवून त्यांना पुन्हा पुन्हा बोलवावयाचे. आरोपींत नगरपालिकेच्या राजकारणातली वजनदार माणसे होती. वरिष्ठ पोलीस अधिकारी अरविंद इनामदार यांच्याकडे तपास दिला गेला, खास कोर्ट बसले. पण फिर्याद द्यावयास ज्या मुली पुढे आल्या, त्या मोजक्याच. खालच्या कोर्टाने दिलेल्या काही शिक्षा पुढे हायकोर्टात टिकल्या नाहीत. विरोधी पक्षांनी ‘गुंडांना राजाश्रय’ हा मुद्दा गावोगाव नेला आणि १९९५ च्या निवडणुकीत राज्याचे सरकार बदलले. त्या बदलाला कारणे अनेक होती, त्यांतले हेही एक. सरकार बदलले, भाषणे झाली, टाळ्या झाल्या. पण त्या मुलींचे काय झाले? कितीकींना गाव सोडावे लागले, कितीकींची लग्ने मोडण्याच्या भीतीने आईबापांनी तोंडे शिवून घेतली! ज्यांच्या नावाने मते मागितली, त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न एकाही पक्षाने मतदानानंतर विचारला नाही.

मंडळी, आम्ही येथे कोणत्या पक्षाचे निशाण घेऊन उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, बड्याची खुर्ची गेली म्हणजे न्याय झाला असे समजून घरी जाऊ नका. खुर्चीवर दुसरा बसतो. टेकडीवरची खोली मात्र रिकामी होत नाही. तेथे नवी मुलगी येते. ती कोठून येते, ते पाहू.

ती उचलीतून येते. तुम्ही वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बांधवांना विचारा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा घेतलेली उचल पुढचा सारा हंगाम खाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचल बंद झाली नाही. मुलीचा सौदाही असाच होतो. तिच्या बापाला एखादी रक्कम हातावर ठेवली जाते. ‘शहरात घरकाम आहे’, ‘लग्नाला मुलगा चांगला आहे, हुंडा नको म्हणतो’, असे सांगणारा बहुधा परका नसतो; ओळखीचा, नात्याचा, कधी मावशी म्हणवणारी बाई असते. मग ती रक्कम मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढते. खाणे, लुगडे, खोलीचे भाडे, औषध, सारे त्याच वहीत. ती वही कधी मिटत नाही. सावकाराच्या वहीने आपल्या आजाची जमीन घेतली. ही वही नातीचे शरीर घेते. वही तीच आहे.

आता कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असू द्या. कायदा ठाऊक नसलेला गरीब म्हणजे कुंपण नसलेले शेत. माणसाचा व्यापार हा भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ही संहिता २०२४ च्या जुलैपासून अंमलात आली. सज्ञान व्यक्तीसाठी शिक्षा सात वर्षांपासून पुढे, मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ‘तिची कबुली होती’ हा बचाव या गुन्ह्यात चालत नाही. आणि नीट ऐका, या व्यापारात पोलीस किंवा सरकारी नोकर स्वतः सामील असेल, तर त्याला उरलेल्या आयुष्यभर तुरुंग सांगितला आहे. अशी फिर्याद लिहून घ्यावयास नकार देणाऱ्या अंमलदारालाही कैदेची शिक्षा आहे. ‘आमच्या हद्दीतले नाही’ असे सांगून ठाणे परत पाठवू शकत नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. अल्पवयीन मुलीसाठी १०९८ आणि इतर वेळी ११२ हे आकडे घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

कायद्यात वाकडेपणाही आहे, तोही सांगतो. १९५६ चा अनैतिक व्यापाराचा कायदा रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बाईलाही शिक्षा देतो. छापा पडला म्हणजे पहिली धरली जाते ती बाई. दलाल मागच्या दाराने जातो. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने बजावले की, स्वखुशीने या व्यवसायात असलेल्या सज्ञान बाईला छाप्यात धरू नये, छळू नये, ती इतरांसारखीच नागरिक आहे. म्हणून टेकडीवरच्या बायांवर दगड मारून नीती वाचविण्याचा धंदा कोणी करू नये. आपले भांडण त्या बायांशी नाही. विकणाऱ्याशी, विकत घेणाऱ्याशी आणि हप्ता खाणाऱ्याशी आहे. आणि विकत घेणाऱ्यांत आपलेही आहेत. गाव सोडून मागावर, गोदामात राबणाऱ्या, एका खोलीत दहा जणांत दिवस काढणाऱ्या मजूर भावाला आम्ही विचारतो, पगाराच्या दिवशी तू जिच्या दाराशी जातोस, ती तेथे कशी आली, हे कधी पुसलेस काय?

आता शेवटचे, घरातले बोलणे. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. कामाला, लग्नाला मुलगी दूर धाडावयाची असेल, तर त्या ठिकाणी घरातले दोघे जण आधी जाऊन या. पत्ता, माणसाचे नाव, फोनचा आकडा कागदावर लिहून घ्या. मुलीच्या नावावर एक पैसाही उचल घेऊ नका. उपाशी राहणे परवडेल. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मुलगी परत आली, तर दार उघडा.  पुष्कळ मुली पळून येतात आणि उंबऱ्यावरून परत फिरतात, कारण आतून आवाज येतो, ‘आता कोणत्या तोंडाने आलीस?’ ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, त्या घरापुढे दलाल पुन्हा येऊन उभा राहतो, कारण आपला माल परत आपल्याकडेच येणार, हे त्याला ठाऊक असते. जातपंचायतीने, भावकीने अशा मुलीला वाळीत टाकले, तर ती पंचायत दलालाची मुनीम झाली असे आम्ही समजतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात कोणालाही वाळीत टाकणे हा गुन्हाच आहे.

आम्ही गादीवाल्यांची गोष्ट सांगितली ती त्यांचा कैवार घेण्यासाठी नव्हे आणि त्यांच्या नावाने बोटे मोडण्यासाठीही नव्हे. गाद्या येतात आणि जातात. इंदूरची गेली, इंग्रजांचीही गेली. बड्यांना भिण्याचे दिवस संपले, मत तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी कोणी उमेदवार तुमच्या दाराशी येईल, तेव्हा त्याची जात पुसण्याआधी एवढे पुसा, ‘टेकडीचा हप्ता कोण खातो, आणि तू निवडून आलास तर त्याचे काय करशील?’ जो उत्तर देईल त्याचे उत्तर लिहून ठेवा. जो हसून टाळील, त्यालाही ओळखून ठेवा.